आठ निवडणुका आणि एक आसन

इंदूरमधल्या मराठी माणसाच्या तोंडी एकाच पदासाठी दोन शब्द असतात. घरात तो ‘खासदार’ म्हणतो आणि उंबरठा ओलांडला की ‘सांसद’. १९८९ ते २०१९ या तीस वर्षांत मात्र या दोन्ही शब्दांवाचून त्याचे फारसे अडले नाही. मराठीत, हिंदीत, माळवीत, राजवाड्यासमोरच्या गर्दीत आणि लग्नाच्या पंगतीत ‘ताई’ एवढे म्हटले की बोलणे कोणाविषयी चालले आहे हे सगळ्यांना कळे.

सुमित्रा महाजन या काळात इंदूरमधून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या. वाजपेयी सरकारात राज्यमंत्री झाल्या, शेवटची पाच वर्षे लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. मीरा कुमार यांच्यानंतर त्या आसनावर बसलेल्या त्या दुसऱ्या महिला. २०२१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. एवढा तपशील कोणत्याही परिचयपत्रात सापडतो. इंदूरच्या मतदारांनी आठ वेळा दिलेल्या मतांचे दिल्लीत काय झाले, हा प्रश्न मात्र त्या परिचयपत्रात नसतो. हे पुस्तक त्या प्रश्नातून जन्माला आले.

आधी शहराविषयी थोडे सांगायला हवे. इंदूर होळकरांचे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार पाहिला तो महेश्वरहून. १८१८ च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदूरला आली. दरबाराबरोबर आलेली मराठी घरे इथेच रुजली. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या शहराने भरवली. तरीही इंदूर हे मराठी शहर नव्हे. इथला मराठी मतदार अल्पसंख्य आहे आणि केवळ त्याच्या बळावर इथे लोकसभेची एकही निवडणूक जिंकता येत नाही. ताईंच्या यशाचे कारण महाराष्ट्रातले काही लोक ‘तिथे आपली माणसे बरीच आहेत ना’ असे सांगून मोकळे होतात. ते चूक आहे.

या शहराला दुसरा चेहरा कापड गिरण्यांचा होता. गिरणी कामगारांचे नेते होमी दाजी १९६२ मध्ये इथून लोकसभेवर गेले. १९७७ च्या लाटेत जनता पक्षाचे कल्याण जैन निवडून आले. एरवी जागा काँग्रेसची, आणि १९८० नंतर ती प्रकाशचंद्र सेठी यांची. सेठी मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री होते, देशाचे गृहमंत्री होते. १९८९ मध्ये त्यांच्यासमोर भाजपने उभी केली ती एक माजी उपमहापौर, जी १९८५ ची विधानसभा निवडणूक हरलेली होती.

चिपळूणच्या साठे घरात १९४३ साली जन्मलेली ही मुलगी लग्न होऊन इंदूरला आली, इथेच एम.ए. आणि वकिलीचे शिक्षण झाले, रामायणावर प्रवचने करू लागली, मग नगरसेविका झाली. प्रवचनकाराचा हा धागा चरित्रलेखक अनेकदा शोभेसाठी वापरतात. माझ्या मते तो राजकारणाच्या मुळाशी आहे. देवळाच्या ओट्यावर किंवा एखाद्या वाड्याच्या चौकात चाळीस-पन्नास बायकांसमोर तासभर बोलायचे, कोणाचेही लक्ष ढळू द्यायचे नाही आणि उठताना प्रत्येकीची विचारपूस करायची, ही सवय प्रचारात फार उपयोगी पडते. आमच्या गल्लीतल्या ज्या काकू कधी कोणत्या सभेला गेल्या नव्हत्या, त्या १९८९ च्या नोव्हेंबरात हळदीकुंकवाला निघावे तशा घरोघर मत मागायला निघाल्या. तेव्हा मते कागदी होती आणि मोजणीला वेळ लागे. आमच्याकडे रेडिओ रात्रभर चालू होता. वडील जुन्या वहीच्या मागच्या पानावर फेरीगणिक आकडे मांडत होते. शेवटी अंतर लाखाच्या पुढे गेले, तेव्हा आपली बेरीज चुकली असावी असे वाटून त्यांनी ती पुन्हा केली होती.

महाराष्ट्राबाहेरून निवडून गेलेल्या मराठी माणसांची परंपरा जुनी आहे, आणि तिच्याकडे मराठी वाचकाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर अहमदाबादचे, घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे १९५२ मध्ये ग्वाल्हेर आणि गुणा अशा दोन जागांवरून एकदम निवडून आले. पुण्याचे मधु लिमये बिहारमधल्या मुंगेरचे आणि मग बांकाचे खासदार झाले. नानाजी देशमुख १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलरामपूरहून गेले. या सगळ्यांत इंदूरचे उदाहरण वेगळे पडते. बाकीच्यांपैकी बहुतेकांना पक्षाने किंवा चळवळीने तिकडे नेले. महाजन सून म्हणून आल्या आणि त्या शहराच्याच झाल्या. कोकणात मुळे असलेली दोन माणसे, एक गुजरातमधून आणि एक माळव्यातून, साठ वर्षांच्या अंतराने एकाच आसनावर बसली. मधल्या काळात लातूरचे शिवराज पाटील आणि मुंबईचे मनोहर जोशी तिथे होते. या चौघांचा अध्यक्ष म्हणून तुलनात्मक अभ्यास मराठीत व्हायला हवा.

लोकप्रतिनिधीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याच्या तीन-चार रीती पडून गेल्या आहेत. सर्वांत भरभराट गौरवग्रंथाची. साठी, पंचाहत्तरी, अमृतमहोत्सव, गुळगुळीत कागद, ‘मी पाहिलेल्या ताई’ अशा मथळ्यांचे लेख. त्यांना मी टाकाऊ म्हणणार नाही. माणसाचा स्वभाव, घरातली वागणूक, कार्यकर्त्यांशी असलेले नाते हे सगळे तिथेच सापडते. संसदेच्या दफ्तरात ते मिळत नाही. पण गौरवग्रंथात हरलेली निवडणूक नसते, आणि असली तर ती पुढच्या विजयाची पायरी असते.

दुसरी रीत आत्मचरित्राची. काकासाहेब गाडगीळांचे ‘पथिक’ आणि यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ ही तिची ठळक नावे. ‘कृष्णाकाठ’ यशवंतराव सत्तेच्या राजकारणात शिरतात तिथेच थांबते, ही मराठी वाचकाची कायमची हळहळ आहे. तिसरी रीत घटनेच्या अभ्यासकांची: नियम, निवाडे, पायंडे. तिथे पद असते, त्या पदावरचा माणूस फारसा दिसत नाही.

चौथी रीत अलीकडची, आकड्यांची. उमेदवाराने मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रात दिली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने या शतकाच्या सुरुवातीला ठरवले. २००५ मध्ये स्थापन झालेली पीआरएस ही संस्था खासदारांची उपस्थिती, प्रश्न आणि चर्चा मोजू लागली. त्यामुळे वर्तमानपत्रांना दरवर्षी क्रमवारी छापता येते. या मोजणीचे मोल मोठे आहे. पण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. अध्यक्ष तर प्रश्नही विचारत नाहीत आणि चर्चेत भागही घेत नाहीत. दोघांनाही हजेरीपटावर सही करावी लागत नाही. म्हणजे १९९९ ते २००४ आणि २०१४ ते २०१९ अशी दहा वर्षे महाजनांच्या रकान्यात या मोजपट्टीने जवळपास काहीच भरता येत नाही. तीस वर्षांतली दहा वर्षे, तीही सर्वाधिक जबाबदारीची.

मतांच्या फरकाचेही तसेच. २००९ मध्ये त्या सत्यनारायण पटेल यांच्याविरुद्ध अकरा हजारांहून थोड्या अधिक मतांनी तरल्या. पाच वर्षांनी त्याच मतदारसंघात त्याच उमेदवाराविरुद्ध फरक चार लाख ६६ हजारांवर गेला. पाच वर्षांत त्यांचे काम चाळीस पटींनी वाढले असे कोणी म्हणणार नाही. मधे देशाचे वारे फिरले होते.

मग खासदाराचे काम पाहायचे कुठे? माझे उत्तर आहे, समित्यांच्या अहवालांत. विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून सुरू झाल्या. आता प्रत्येकीत एकतीस सदस्य, एकवीस लोकसभेचे आणि दहा राज्यसभेचे. बैठक बंद खोलीत होते, कॅमेरा नसतो, त्यामुळे घोषणाही नसतात. पंधराव्या लोकसभेत ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन होत्या, आणि ग्रामीण विकास मंत्री जयराम रमेश यांनी सप्टेंबर २०११ मध्ये मांडलेले भूसंपादन विधेयक या समितीकडे आले.

विषय साधा नव्हता. १८९४ चा इंग्रजी कायदा शंभराहून अधिक वर्षे शेतकऱ्याच्या मानेवर होता. ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे दोन शब्द लिहिले की कोणतीही जमीन घेता येई. समितीने मे २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यातली सर्वांत धारदार शिफारस अशी की खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादन करूच नये. कंपनीला हवी असेल तर तिने बाजारात जाऊन विकत घ्यावी. विरोधी पक्षाची खासदार समितीच्या अध्यक्षस्थानी, समितीत सर्व पक्षांचे सदस्य, आणि शिफारस सरकारच्या मसुद्यापेक्षा शेतकऱ्याच्या बाजूने अधिक झुकलेली. २०१३ च्या कायद्याने ती पूर्ण मानली नाही. खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि खासगी-सरकारी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती, असा मधला मार्ग काढला.

डिसेंबर २०१४ मध्ये मोदी सरकारने वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांसाठी ती संमतीची अट उठवली. १० मार्च २०१५ रोजी त्यासाठीचे विधेयक लोकसभेने मंजूर केले. अध्यक्षांच्या आसनावर सुमित्रा महाजन होत्या. (त्याच्या जागी आणलेले दुसरे विधेयक पुढे संयुक्त समितीत अडकले आणि ऑगस्टअखेरीस सरकारने वटहुकूमाचा नाद सोडला.) अध्यक्षाला मत नसते, समसमान मते पडली तरच ते देता येते. पक्षाच्या भूमिकेबद्दल आसनावरून बोलायची सोय नसते. तरीही २०१२ चा अहवाल एका हाती आणि २०१५ चे कामकाज दुसऱ्या हाती घेऊन बसले की आपल्या पक्षपद्धतीत एका खासदाराला किती जागा उरते हे जितके स्पष्ट दिसते, तितके दुसऱ्या कशाने दिसत नाही. मला या संपूर्ण कारकिर्दीतले सर्वांत बोलके प्रकरण हेच वाटते.

अध्यक्षपदाची पाच वर्षे वादाची होती आणि ती तशीच मांडली पाहिजेत. ६ जून २०१४ रोजी निवड बिनविरोध झाली. पहिला पेच विरोधी पक्षनेतेपदाचा. काँग्रेसचे ४४ खासदार होते. सभागृहाच्या दहाव्या हिश्शाला अकरा कमी. दहाव्या हिश्शाचा दंडक मावळंकरांच्या काळापासून चालत आलेला, तर विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाविषयीच्या १९७७ च्या कायद्यात ती अट नाही, असा काँग्रेसचा युक्तिवाद. महाजनांनी जुना पायंडा उचलून धरला आणि पद नाकारले. १९८० आणि १९८४ च्या लोकसभांतही मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता, त्यामुळे निर्णयाला आधार होता. मला तो निर्णय कायद्याने टिकणारा आणि तरीही अनुदार वाटतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केले, जानेवारी २०१९ मध्ये दोन दिवसांत ४५ जणांना. त्याला आधार लोकसभेच्या नियमावलीतल्या ३७४-अ या नियमाचा. फलक घेऊन आसनासमोरच्या हौद्यात उतरलेल्यांना आवरायचे कसे, हा प्रत्येक अध्यक्षापुढचा प्रश्न आहे, आणि त्यांच्या मागच्या काळात त्यांचा स्वतःचा पक्षही याच हौद्यात उतरत होता. २०१८ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात १४ मार्चला वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झाले. त्याच महिन्यात अविश्वास ठरावाच्या नोटिसा आल्या, पण ‘सभागृह शांत नाही, उभ्या राहिलेल्या सदस्यांची मोजणी करता येत नाही’ या कारणाने त्या घेतल्या गेल्या नाहीत. गोंधळात अर्थसंकल्प मंजूर होऊ शकतो आणि माणसे मोजता येत नाहीत, हे मला पटलेले नाही. ठराव अखेर जुलैत घेतला गेला, २० जुलैला दिवसभर चर्चा झाली आणि तो ३२५ विरुद्ध १२६ मतांनी पडला. सरकारला धोका नव्हताच. मार्चमध्ये चर्चा झाली असती तर सभागृहाचा मान राहिला असता.

सर्वांत दूरगामी निर्णय आधार विधेयकाचा. मार्च २०१६ मध्ये ते ‘धन विधेयक’ असल्याचे प्रमाणपत्र अध्यक्षांनी दिले, त्यामुळे राज्यसभेच्या दुरुस्त्या लोकसभेवर बंधनकारक राहिल्या नाहीत. राज्यघटनेच्या ११० व्या अनुच्छेदानुसार याबाबत अध्यक्षाचा निर्णय अंतिम. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी कायद्याचा गाभा उचलून धरला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी मात्र वेगळे निकालपत्र लिहून हा मार्ग म्हणजे घटनेची फसवणूक असल्याचे म्हटले. पुढच्याच वर्षी धन विधेयकाचा हा व्यापक प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. मी स्वतः त्या एकट्या न्यायमूर्तींच्या बाजूला आहे, आणि वाचकाने ते लक्षात ठेवून पुढची पाने वाचावीत.

तोल साधण्यासाठी नव्हे, पण नोंद म्हणून सांगितले पाहिजे की खासदारांना विषय समजून घेता यावेत यासाठी तज्ज्ञांशी गाठ घालून देणारा ‘स्पीकर्स रिसर्च इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम त्यांनी २०१५ मध्ये सुरू केला, आणि मार्च २०१६ मध्ये देशभरातल्या महिला आमदार-खासदारांची परिषद दिल्लीत भरवली.

आता शहराकडे परत येऊ. तीस वर्षांत इंदूर ओळखू येणार नाही इतके बदलले. त्यातले किती खासदारामुळे, किती महापालिकेमुळे, किती राज्य सरकारमुळे, हे वेगळे करणे फार अवघड आहे. जे सहज वेगळे करून दाखवतात त्यांच्यापासून सावध राहावे. पण काही गोष्टी सरळ केंद्राच्या हातात होत्या. रेल्वे ही त्यातली पहिली. इंदूर–दाहोद मार्गाचे भूमिपूजन २००८ मध्ये झाले. २०१९ मध्ये ताई निवृत्त झाल्या तेव्हाही तो पूर्ण नव्हता. इंदूर–मनमाड मार्ग तर इथल्या मराठी घरांच्या कित्येक पिढ्यांनी मागितला. खानदेश आणि नाशिककडे जाणारा तो सरळ रस्ता. ताईंनी त्याचा पाठपुरावा केला, निवेदने दिली, बैठका घेतल्या. ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये, त्या पदावर नसताना.

दुसरी गोष्ट गिरण्यांची. ताईंच्या खासदारकीच्या पहिल्या काही वर्षांतच हुकुमचंद मिल बंद पडली. जवळपास पाच हजार कामगारांची देणी थकली, आणि ती मिळायला डिसेंबर २०२३ उजाडले. तोवर कित्येक कामगार वारले होते. ही लढाई कामगारांनी मुख्यतः न्यायालयात लढली. होमी दाजींच्या मतदारसंघात आठ वेळा निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या हिशेबात या देण्यांचा रकाना असलाच पाहिजे, आणि या पुस्तकात तो आहे.

हे सगळे आताच का? एक कारण महिला आरक्षणाचे. संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. ती अमलात येईल तेव्हा एक-तृतीयांश जागांवर स्त्रिया असतील, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना घरात राजकारणाचा वारसा नसेल. मराठीत अहिल्याताई रांगणेकर, मृणाल गोरे, प्रमिला दंडवते यांच्या खासदारकीचा आदर्श आहे. तिघीही चळवळीतून आल्या. महाजनांचा मार्ग निराळा. महापालिकांत स्त्रियांना आरक्षण मिळण्याआधीच त्या नगरसेविका झाल्या, तिथून उपमहापौर, तिथून खासदार. येणाऱ्या शेकडो स्त्रिया याच पायऱ्यांनी चढणार आहेत. त्या पायरीवर काय मिळते आणि काय गमवावे लागते, ते त्यांना आधीच कळलेले बरे.

दुसरे कारण शेवटाचे. २०१९ मध्ये पक्ष इंदूरचा उमेदवार जाहीर करीना. सगळ्या याद्या येत होत्या, इंदूरचे नाव नव्हते. ५ एप्रिलला, शहात्तरावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना, ताईंनी पत्र लिहून आपण लढणार नसल्याचे जाहीर केले. पक्षाला संकोच वाटत असावा, तो मी दूर करते, असा त्याचा आशय. त्या दिवशी मी इंदूरमध्ये होतो. ज्यांनी त्यांना कधीही मत दिले नव्हते, असे लोकही त्या संध्याकाळी हळवे झालेले मी पाहिले. तीस वर्षे एका शहराचे प्रतिनिधित्व करणाऱ्या व्यक्तीला निरोप कसा द्यावा, याची रीत आपल्या कोणत्याच पक्षाने अजून बसवलेली नाही.

या पुस्तकातले लेखक एका मताचे नाहीत. काहींनी ताईंबरोबर काम केले आहे, काहींनी त्यांच्याविरुद्ध प्रचार केला आहे. प्रत्येकाने दोनच अटी मान्य केल्या: जे लिहायचे ते कामकाजाच्या नोंदीशी ताडून पाहायचे, आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगायची. अहिल्याबाईंवरचे त्यांचे ‘मातोश्री’ हे नाटक, त्यांचे कीर्तन-प्रवचन, सहकारी संस्थांतले काम यांना इथे जागा आहे, पण कमी; ते दुसऱ्या कोणी सविस्तर लिहावे. चरित्र म्हणून हे पुस्तक अपुरे आहे. खासदारकीचा हिशेब म्हणून ते वाचावे, ही विनंती.

आणखी एक विनंती वाचकाला. लोकसभेच्या कामकाजाचे खंड आणि समित्यांचे अहवाल आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आमच्या निष्कर्षांवर विसंबू नका. तुमचा मतदारसंघ कोणताही असो, तुमच्या खासदाराचे नाव तिथे शोधा, आणि एक संध्याकाळ त्या नोंदी वाचण्यासाठी काढा.